पिवळी शाई

आमच्या घरात प्रिंटर आला तो रागातून. मनस्वीच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, लग्नाचा अल्बम करायला फोटोग्राफरने असा काही भाव सांगितला की आमचे मिथुनराव खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "तुमी फक्त फोटो पेनड्राइव्हवर टाकून द्या. छापायचं काय ते आमी बघतो," म्हणाले. नवऱ्याला मी एरवी मिथुनराव म्हणत नाही. पण असा काही बाणेदारपणा केला की म्हणते. जासईच्या कंटेनर यार्डात ते सुपरवायझर आहेत. दिवसभर ट्रेलरवाल्यांवर ओरडायचं, आणि उरलेला आवाज घरी आणायचा.

आठवड्याभरात पांढराशुभ्र प्रिंटर आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी येऊन बसला. सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळाला म्हणून यांची छाती फुगली होती. मीही हौसेने त्याला क्रोशाचं कव्हर विणलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे आम्हाला कळायला अजून वेळ होता.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

आम्ही आगरी. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला एखादा पाहुणा नाही आला तर चालतं, हळदीला नाही आला तर त्याचं नाव तीन पिढ्या निघतं. आणि हळद लागते ती धवलारणीच्या गाण्यावर. धवलारीण म्हणजे धवले गाणारी बाई. ती देवांना, वाडवडिलांना नावं घेऊन मांडवात बोलावते, नवरीला पहिली हळद लावते. बाहेर डीजे कितीही दणदणू दे, आत ती गायला बसल्याशिवाय कोणी नवरीच्या गालाला बोट लावत नाही. आमच्या गावची धवलारीण सखूआजी. माझ्या लग्नात तीच होती, माझ्या नणंदांच्या लग्नात तीच, आणि मनस्वीलाही तिनेच हळद लावली. त्या दिवशी गाऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाय, आथा हा माजा शेवटचा धवला. आवाज फाटला. आता मोऱ्याला पोरीच्या घरान जाऊन ऱ्हाते."

मोरा म्हणजे उरणचं बंदर, तिथे तिची लेक दिलेली. धवलारणीला मान द्यावा लागतो. मी चांगली नऊवारी आणून ठेवली होती. आजीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लुगरं नको गो. लुगऱ्यांनी पेटी भरलीय. तुज्या दादल्याने ते फोटूचं यंत्र घेतलाय ना? मना माजा येक फोटू दे. मोऱ्याला भिताडावर लावाचा हाय. तिथल्या पोरांना कलूदे, म्हातारी कोन होती."

एवढंच मागितलं. मी म्हटलं, "आजी, एक काय, दहा देते." धवलारणीचा मान द्यायचा राहून गेला तर तो नवरीला लागतो असं आमच्याकडे म्हणतात. मी तसं मानत नाही. पण लेकीच्या बाबतीत मानत नाही असं मोठ्याने म्हणायची हिंमतही होत नाही. आणि मान वगैरे सोडा, त्या म्हातारीवर माझा जीव आहे.

मग तिचा फोटो पहिला छापायचा की नाही? नाही ना. ती आपलीच, कुठे पळून जाते, म्हणून तिला मागे ठेवलं आणि भावकीला पुढे घेतलं.

झालं असं की यांनी उत्साहाच्या भरात पहिला फोटो छापला तो चुलतभावाचा, हितेशचा. हळदीत नाचताना, डोळ्यावर काळा गॉगल, अंगावर पिवळा सदरा. फोटो खरंच देखणा आला. तो नेऊन दिला हितेशच्या बायकोला, मनालीला. तिने तो शोकेसमध्ये लावला आणि तिथेच आम्ही फसलो. आमच्याकडे एका घरात वाटी गेली की भावकीतल्या सगळ्या घरांत वाटी जावी लागते. मटणाच्या वाटीचा नियम आहे. फोटोला लागू नसेल असं मला उगीच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू दारात. "हितेशच पाहुना होता वाटतं हळदीला. आमी काय पत्रावल्या उचलायला आल्तो?"

मग काय, रोज छपाई. ह्या घरचा ग्रुप फोटो, त्या घरचा ग्रुप फोटो, पुन्हा त्यातल्या मोठ्या जावेचा वेगळा. बायका आमच्या हॉलमध्ये बसून चहा पीत फोटो निवडायच्या. "हा नको, यात मी जाडी दिसते." "हा बघ, मनस्वी काय गोड दिसते, आणि हा बाजूला सखूआजीचा हात." त्या हातावर मनगटापासून वर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, गावात आंधळाही तो हात ओळखेल. "माझ्या अल्बमात पण आहे हा हात," असं प्रत्येकजणी म्हणायची आणि पुढचा फोटो बघायची.

आणि एक दिवस हितेशच्या थोरल्या भावाचा फोटो बाहेर आला तो निळा. कपडे निळे, मांडव निळा, हात निळे, दात तेवढे पांढरे. यांनी प्रिंटर बंद केला, चालू केला, थोपटला, शेवटी त्याच्यावर ओरडले. तरी पुढचा फोटो निळाच. मग यांनी प्रिंटरसोबतचं पुस्तक वाचून काढलं तेव्हा उलगडा झाला. रंगाचं कार्ट्रिज एकच, पण आत तीन कप्पे: निळा, लाल, पिवळा. निळा भरपूर होता, लालही होता. पिवळा संपला होता.

संपणार नाही तर काय होणार? हळदीचे फोटो. दोन-तीनशे माणसं, प्रत्येकाच्या अंगावर पिवळं, गालाला पिवळं, पडदे पिवळे, झेंडू पिवळा. प्रिंटर बनवणाऱ्याने जगाचा विचार केला असेल, आगऱ्यांचा केला नव्हता.

"टेन्शन घेऊ नको," हे म्हणाले. "वाशीवरून नवीन आनतो."

वाशीवरून हे रिकाम्या हाताने आले, तेही लाल होऊन. नवीन कार्ट्रिजची किंमत जवळजवळ प्रिंटरएवढी. "लुटायला बसलेत सगले! त्यापेक्षा दुसरा प्रिंटर घेऊन पहिला फेकून देऊ!" असं यार्डातल्या आवाजात सांगून हे जेवायला बसले. फोटोग्राफरचा भाव आठवून मी मनात पोटभर हसले.

मग सुरू झाला यांचा शाईचा शोध. आधी ऑनलाइन एक स्वस्तातलं कार्ट्रिज मागवलं. ते आलं, बसलं, आणि प्रिंटरच्या पडद्यावर अक्षरं आली की हे कार्ट्रिज ओळखीचं नाही. "ओलख करून घे मग!" हे त्याच्यावर ओरडले. नाही घेतली त्याने ओळख. परत पाठवलं.

मग यार्डातल्या कोणीतरी सांगितलं की इंजेक्शनने शाई भरता येते. बाटल्या आणल्या, सुई आणली, आणि रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर दवाखाना मांडला. कार्ट्रिजवरचा कागद सोलला, खाली तीन भोकं. कुठल्या भोकात कुठला रंग, ते बघून घ्या, असं मी तीनदा म्हणाले. हे म्हणाले, "दिवसाला इतके कंटेनर बरोबर लावतो, तीन भोकं लावता येनार नाय काय?" आणि पिवळी शाई भरली निळ्याच्या भोकात.

त्यानंतर जो फोटो निघाला त्यात आमची मनस्वी भाजीच्या जुडीसारखी हिरवीगार. मी पदर तोंडाला लावून हसले. ओट्याला पिवळे डाग, टाइल्सना पिवळे डाग, आणि यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. साबण लावला, लिंबू लावलं, रॉकेल लावलं, रंग काही हलेना. सोमवारी यार्डात जो भेटेल तो विचारत होता, "मिथुनशेठ, कोनाची हलद? आमाला बोलवलं नाय?" हे संध्याकाळी घरी आले ते हात खिशात घालून.

हे सगळं हसण्यावारी नेलं खरं. पण त्याच संध्याकाळी सखूआजी अंगणात येऊन बसली. काठी बाजूला ठेवली, पाणी प्यायली, आणि सहज म्हणाली, "पोरगी रविवारी न्यावाला येनार हाय मना. फोटू जाला का गो?"

"झालाच, आजी. शाई तेवढी आणायची आहे."

"बरं बरं. आद्धी बाकीच्यांचे दे. माजं काय."

माजं काय, म्हणाली. भावकीतल्या एका बाईने असं म्हटलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. सगळ्यात आधी मागितला तिने, आणि सगळा पिवळा रंग वाटून बसलो आम्ही. ती आमच्या पोरीला हळद लावून गेली, आणि तिच्या वाट्याला हळदीएवढाही रंग उरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांना म्हटलं, "बाइक काढा. वाशीला मी येते."

"तू काय करनार? भाव तोच हाय."

"तुम्ही भाव विचारता. मी बाजार करते."

दुकान कॉम्प्युटरच्या सामानाचं, लांबट, एसी लावलेलं. काउंटरवरच्या मुलाला बाकीचे केतनभाई म्हणत होते. यांना बघून तो ओळखीचं हसला. मागच्या खेपेला हे इथेच ओरडले असणार. त्याने कार्ट्रिजचा डबा पुढे ठेवला. मी तो उचलला, उलटा केला, सील बघितलं, खालची तारीख बघितली. मासा घेताना कल्ला उघडून बघते तसंच.

"ताई, एकदम फ्रेश माल," केतनभाई म्हणाला.

"तेच तर. मला फ्रेश नकोय. सकाळच्या बाजाराला ताज्या मासळीचा भाव असतो, संध्याकाळी उरलेल्याचा वाटा लावतात. तुमच्याकडे संध्याकाळचा वाटा असेल ना? तारीख जवळ आलेला?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. केतनभाई आधी हसला, मग डोकं खाजवलं. "वाटा... आहे एक. एका ऑफिसने प्रिंटर बदलले, त्यांचे जुने डबे परत आले होते. बहुतेक गेले. बघतो." तो आतल्या खोलीत गेला आणि धूळ झटकत एक डबा घेऊन आला. "ओरिजिनलच आहे, सील आहे. पण डेट दोन महिन्यांत संपते. तेवढ्यात वापरावं लागेल, ताई."

"दोन महिने? आमच्या भावकीत दोन दिवस टिकलं तर देवाला नारळ देईन."

भाव त्याने निम्मा सांगितला. मी डबा काउंटरवर ठेवला आणि दाराकडे वळले. दोन पावलं गेले असेन, त्याने हाक मारली. एवढं तर कोणत्याही मासळीबाजारात होतं. येताना बाइकवर गव्हाण फाट्यापाशी हे म्हणाले, "कल्ला बघितलास तू त्याचा." आणि मग दोघेही घरापर्यंत हसत आलो.

नवीन कार्ट्रिज घातलं. यांनी हुकूम सोडला, "आता येक थेंब वाया जानार नाय. पयला फोटो सखूआजीचा. तो होईपर्यंत कोनी मशीनला हात लावायचा नाय." मी म्हटलं, अगदी बरोबर. लॅपटॉप उघडला, आणि हजारावर फोटोंत आजीचा फोटो शोधायला बसलो.

मनस्वीच्या गालाला हळद लावतानाचा सखूआजीचा हात. सुपावर तांदूळ धरलेला हात. हितेश मध्ये येतो म्हणून त्याला बाजूला सारणारा हात. नारळावरचा हात, दिव्यावरचा हात, मनस्वी रडायला लागली तेव्हा तिच्या डोक्यावरचा हात. सगळे फोटो सुरेख, आणि प्रत्येक फोटोत आजी चौकटीच्या काठावर मनगटापाशी संपलेली. एका फोटोत तिचा अर्धा चेहरा सापडला, तर त्यावर हितेशचा गॉगल. दुसऱ्यात नुसता अंबाडा.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितले. हे म्हणाले, "आसल ना गं, रात्रभर तिथंच तर बसलेली." बसलेली होती, नवरीला चिकटून बसलेली होती. म्हणूनच तर प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणत होतं, "आजी, जरा बाजूला." आणि आजी गाणं न थांबवता बाजूला सरकत होती.

मी उठून कपाटातला माझ्या लग्नाचा अल्बम काढला. त्यातही हात. तेव्हा कातडी घट्ट होती, गोंदण हिरवंगार होतं. एवढाच काय तो फरक.

शाईसाठी आम्ही सगळी वाशी पालथी घातली, आणि छापायला फोटोच नव्हता.

"चला," मी म्हटलं. "फोन घ्या तुमचा. चार्ज आहे ना?"

सखूआजीच्या घरी बोचकं बांधून तयार होतं. रविवारी तिची लेक सगुणा न्यायला येणार होती. मी आजीला पिवळं लुगडं नेसवलं, केस चोपून दिले, दारात उजेडाला खुर्ची ठेवून तिच्यावर बसवलं. ती बावरली. "आथा फोटू काढताव? मंग त्या दिशी काय काढला?"

"त्या दिवशी तू कामात होतीस, आजी."

हे पुढे सरसावले. इतक्या फोटोंत चेहरा नाही हे यांना फारच लागलं होतं. त्यामुळे फोन इतका जवळ नेला की चौकटीत फक्त चेहरा मावला. कपाळापासून हनुवटीपर्यंत सखूआजी. "हसा की वाईस," म्हणाले. आजीला हसता येईना. कॅमेऱ्याकडे बघायची तिला कधी सवयच लागली नव्हती. मी म्हटलं, "गा ना." तिने धवल्याची एक ओळ उचलली. आवाज फाटलेला होता, खरंय. पण डोळे उजळले, आणि यांनी तेवढ्यात फोटो घेतला.

घरी येऊन छापला. प्रिंटर घरघरला, आणि सखूआजीचा चेहरा वरून खाली हळूहळू बाहेर आला. एकेक सुरकुती दिसत होती. चेहऱ्यावरच्या उजेडाचा पिवळा रंग असा उतरला की मी यांचा पिवळा हात धरला. मला रडू आलं. हे म्हणाले, "पैसे वसूल." पण त्यांचाही आवाज खाली आला होता.

फोटो घेऊन आम्ही तसेच परत गेलो. आजीने तो दोन्ही हातांत धरला, उजेडाला नेला, जवळ आणला, लांब धरला. बराच वेळ बघितला.

"झ्याक हाय," म्हणाली. मग फोटो उलटा करून मागची बाजू बघितली. पुन्हा सुलटा केला. "पन माजा हात कुटं हाय?"

"हात?"

"मंग! ह्या म्हातारीला कोन ओलखल? लोकं मना हातावरून ओलखतात गो. आल्बमान बगतात आन सांगतात, ह्यो सखूचा हात. कुनाकुनाच्या आल्बमान हाय म्हाईत हाय तुना?" आणि तिने ती नावं सांगायला सुरुवात केली. माझं, माझ्या नणंदांचं, मनालीचं, मनालीच्या सासूचं, मनस्वीचं. धवल्यात वाडवडिलांची नावं घेते त्याच चालीवर. मी आपली समजत होते की आम्ही तिला प्रत्येक फोटोतून कापली. ती समजत होती की गावातला एकही फोटो तिच्याशिवाय नाही.

हे घसा साफ करून म्हणाले, "आजी, दुसरा काढतो. मोठा छापू. पुरा कागदभर."

मी तिच्याच डब्यातली हळद वाटीत कालवली. तिला कोणाला तरी लावल्याशिवाय हात नीट धरता येईना, म्हणून मीच तिच्या खुर्चीशेजारी खाली बसले. तिने बोटं वाटीत बुडवली आणि माझ्या गालावर ठेवली, माझ्या लग्नात ठेवली होती तशीच, आणि गायला लागली. यांनी या वेळी मागे सरकून फोटो काढला. चेहरा आला, लुगडं आलं, तुळशीवृंदावन आलं, बोटांवरची ओली हळद आली.

तो फोटो पुरा कागदभर छापला. पडद्यावरची पिवळ्याची पट्टी चांगलीच खाली आली. यांनी तिकडे बघितलंही नाही. रविवारी सकाळी सगुणा आली तेव्हा आजी तिला दारातच फोटो दाखवत होती. मग थबकली, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि माझ्याकडे वळली.

"गो सुचिता, तुजा तर निस्ता गालच आलाय! तोंड कापला तुजा!"

"येऊ दे, आजी," मी म्हटलं. "मोऱ्याला कोणी विचारलं तर सांग, हा सुचिताचा गाल."